भुईवरचं अंथरूण

"आत्ता घेईल तो येडा," मोबाईलवरचा व्हिडिओ थांबवून योगराज म्हणाला. ओसरीवर दुसरं कोणी नव्हतं. म्हणजे बोलणं बायकोसाठीच होतं.

काही वर्षं त्याचं हेच चाललं होतं. घ्यायची तर विजेची गाडी, आणि तीही साधीसुधी नाही. पाय ठेवताच शंभराचा वेग घेणारी. प्रश्न फक्त कधी घ्यायची, एवढाच. दरसाल बॅटरी मोठी होत होती, किंमत उतरत होती. मग आज घेऊन उद्या कशाला पस्तावायचं? ज्यांनी घाई केली, त्यांची तो आमगावात आपल्या राइस मिलवर बसून टर उडवायचा.

चुन्नीलालच्या छोट्या विजेच्या गाडीला तो खेळणं म्हणे. ती गाडी बुक झाली आणि चुन्नीलालचा बाप वारला. घरातलं माणूस गेलं की वर्षभर नवी वस्तू दारात आणत नाहीत. चुन्नीलाल ते वर्ष जुन्या फटफटीवर फिरला. "बापानं गाडीच्या आधी नंबर लावला," असं योगराज येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायचा आणि स्वतःच हसायचा.

ललिता, त्याची बायको, अंगणात तुळशीला पाणी घालत होती. सालेकशाकडच्या जंगलातल्या एका आश्रमशाळेत तिला नोकरी लागली होती. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडेल त्या दिवशी हजर झाली नाही, तर जागा दुसऱ्या कोणाला जाणार होती. तिकडे वेळेवर पोचवील अशी ना रेल्वे होती ना एसटी. गाडी चालवायला ती कधीच शिकली होती. "नवी आली की जुनी डिझेल तुझी," असा शब्द योगराजने चार लोकांत, आईच्या समोर दिला होता. शब्द द्यायला त्याचं काय जात होतं? नवी कधी आणायची, ते त्याच्याच हातात होतं.

बायकोचे उपास, पोथ्या, नेम यांचा त्याला मनापासून तिटकारा. लग्नानंतर पहिल्याच श्रावणात त्याने बजावून ठेवलं होतं, की या घरात कोणाचं काय व्रत चालू आहे ते आपल्या कानावर घालायचं नाही. ललिताने ते कधी घातलं नाही.

दसरा झाला. एका सकाळी तो मागच्या खोलीत डोकावला आणि दारातच थबकला. आई, अनुसयाबाई, खाटेवर नव्हती. खाली भुईवर घोंगडी अंथरलेली होती, उशाशी तुळशीचं रोप आणि गंगाजळाचा गडू. म्हातारी भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"माय."

तिने मान वळवली, त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा भिंतीकडे तोंड केलं.

"हिला खाली काऊन घेतलं?" त्याने ललिताला विचारलं.

"मायनंच खाली टाकायला लावलं."

"बोलत नाही?"

"कालपासून नाही. जेवणही एकदाच, तेही जरासं. अहो, मायचं काय आहे, त्यांनी—"

"मले डोळे आहेत," योगराजने तिला तोडलं. माणूस भुईवर कधी घेतात, तेही आता हिने शिकवायचं?

डॉक्टरला बोलावू का, असं त्याने दारातूनच विचारून पाहिलं. म्हातारीने पडल्या पडल्या हातानेच नको अशी खूण केली. त्याला बरंच वाटलं.

मिलवर पोचेपर्यंत त्याच्या डोळ्यांपुढे चुन्नीलाल हसत होता. आई गेली की वर्षभर दारात चाक लागणार नाही. मिलवर बसून लोक त्याच्याच तोंडावर त्याचीच थट्टा करतील. त्याने मोबाईल काढला आणि नागपूरच्या शोरूमला फोन लावला.

हवी ती गाडी यायला पुष्कळ अवकाश होता. तयार होती ती एकच, गेल्या सालची, हळदीसारखी पिवळी. याच गाडीला तो भंगार म्हणत आला होता. तीच त्याने घेतली.

"कागदपत्रं लवकर उरका," तो शोरूमच्या पोराला म्हणाला. "घरी माय अखेरच्या घटकेला आहे."

पोरगं हळहळलं. म्हणालं, आईला एकदा गाडीत बसवायचं मनात असेल. "हो, तेच," योगराज म्हणाला.

गाडी हातात येईपर्यंत तो रोज सकाळी ओसरीवरूनच विचारायचा, "आहे ना?" आणि आतून ललिता हळूच म्हणायची, "आहेत." मागच्या खोलीत तो पुन्हा गेला नाही.

धनतेरसच्या आधी पिवळी गाडी दारात उभी राहिली. आळी गोळा झाली. ललिताने औक्षणाचं ताट आणलं, चाकांखाली लिंबं ठेवली. गर्दीत चुन्नीलालही होता. माय कशी आहे, असं त्याने हळू आवाजात विचारलं.

योगराजने चेहरा पाडला. "आता काय, आजचं उद्या. तिच्या डोळ्यांदेखत व्हावं म्हणून घाई केली."

बायांनी डोक्यावर पदर ओढले. आणि तेवढ्यात घराचं दार उघडलं.

अनुसयाबाई न्हाऊन, नवं लुगडं नेसून, आपल्या पायांनी चालत अंगणात आली. गर्दी बाजूला झाली. तिने पिवळ्या गाडीला हळदकुंकू लावलं, ओसरीच्या खिळ्याला टांगलेली डिझेल गाडीची किल्ली काढली, ती ललिताच्या ओंजळीत ठेवून मूठ बंद केली आणि मग लेकाकडे वळली.

"नवी गाडी दारात लागत नाही तोवर बोलायचं नाही, एकदाच जेवायचं अन् खाटेवर निजायचं नाही, असा नेम धरला होता मी, या पोरीच्या नोकरीसाठी. वाटलं, दोन-तीन वर्षं मुकं राहावं लागेल." आळीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या खणखणीत आवाजात ती बोलत होती. "तू त लयच घाई केली रे, बापू. तुले काय वाटलं होतं?"