गळतीचा तक्ता

“काका, तीनशे अकरा झाले. आता एका तक्त्यासाठी किती दिवस बसणार?” तपासणीच्या बाईंनी विचारलं.

“होतंय हो. घोड्यावर बसून आलात काय?”

पाणीपुरवठ्याच्या ऑफिसातला डेटाबेस काका सव्वीस वर्षं सांभाळत होते. बाकी सगळे टेबलं म्हणायचे, काका तक्ते म्हणायचे. कुठल्या तक्त्यात काय आहे, हे काकांच्या डोक्याखेरीज कुठेच नव्हतं. म्हणून साहेबांनी फर्मान काढलं, निवृत्तीआधी प्रत्येक तक्त्याला दोन ओळींचं वर्णन जोडा. ऑफिसनं लगेच त्यांचं नाव ‘शब्दकोश’ ठेवलं. काकांना ते मनातून आवडलं होतं, पण चेहऱ्यावर दाखवतील तर शपथ!

घोडं अडलं होतं गळतीच्या तक्त्यापाशी.

कुठे पाइप फुटला, कोणी कळवलं, कधी दुरुस्त झाला, एवढंच त्यात. पण तो लेकीनं केलेला. शिकाऊ म्हणून ती काकांच्याच हाताखाली लागली होती, तेव्हाचा तिचा पहिला तक्ता. अजून तिच्याच नावावर होता. तिथे दुसऱ्या कुणी ढवळाढवळ केलेली काकांना खपत नसे.

तिनं लग्न स्वतः ठरवलं आणि काका लग्नाला गेले नाहीत. तिची आई असती तर तिनं त्यांना हाताला धरून नेलं असतं, पण ती त्याआधीच देवाघरी गेली होती. लेक दूरच्या शाखेत बदली घेऊन निघून गेली. फोन तिनं करावा, लहान कोण? असं म्हणता म्हणता सहा वर्षं सरली.

डेटाबेस मात्र दोन्ही शाखांचा एकच. रोज सकाळी काका त्या वेळी त्याला जोडलेल्या खात्यांची यादी उघडून बसत. नऊ पाचला, फार तर नऊ सातला, लेकीचं खातं तिथे दिसायचं. आली बाई! मगच चहा गळ्याखाली उतरायचा. एखाद्या दिवशी तिला उशीर झाला की काकांच्या जिवाची नुसती घालमेल. आजारी असेल? घरात काही झालं असेल? विचारणार कुणाला? पोटची पोर, आणि तिची खबर घ्यायची ती अशी चोरून.

तर सगळी वर्णनं काका आधी एका वेगळ्या फाइलीत लिहीत होते, आणि तिथे त्या तक्त्यापुढे त्यांनी लिहिलं होतं, ‘हा माझ्या लेकीनं केला. तिची फार आठवण येते.’ दोन दिवस ते तसंच ठेवलं. मग त्यांचा धीर सुटला. वर्णन काय, कुणीही उघडून वाचणार. साहेब वाचतील, हसतील. आणि तिनं वाचूनही उत्तर दिलं नाही तर? सोमवारी दुपारी काकांनी ते खोडलं आणि लिहिलं, ‘पाणीगळतीच्या तक्रारी. सध्या वापरात नाही.’

“सुटलो बुवा!” बाई म्हणाल्या. “डेटाबेसवर चढवू का सगळी? एका तक्त्याला एकच वर्णन राहतं. जुनं काही असलं तर पुसलं जाईल हं.”

“जुनं कुठलं आलंय? मला सगळं तोंडपाठ. वर्णन उघडून बघायची वेळच आली नाही कधी. चढवा खुशाल.”

बाई नियमाच्या पक्क्या. त्यांनी आधी जुन्याची प्रत काढून ठेवली आणि मग फाइल चालवली. तीनशे बारा वर्णनं क्षणात जागच्या जागी बसली.

मंगळवारी नऊ पाचला लेकीचं खातं यादीत आलं आणि चार मिनिटांत गेलं. बुधवारी आलं नाही. गुरुवारीही नाही. काकांनी दोन दिवस डबा तसाच घरी नेला.

शुक्रवारी दूरच्या शाखेचं पत्र आलं. कोणी नोकरी सोडली की त्याचं खातं बंद करणं हे काकांचंच काम. पत्रात लेकीचं नाव होतं. ‘मंगळवारी राजीनामा. पतीसोबत परदेशी रवाना. खातं बंद करावं.’

“गेली,” काका स्वतःशीच म्हणाले. “बापाला सांगावंसंही वाटलं नाही गं तुला?” खातं बंद करायच्या आज्ञेची ओळ त्यांनी टाइप करताना तीनदा चुकवली. चौथ्यांदा ती बरोबर लागली.

तेवढ्यात बाई एक कागद घेऊन आल्या. नेहमीसारखी चेष्टा नाही, काही नाही.

“काका, सोमवारची ती जुनी प्रत आज पडताळायला घेतली. तीनशे अकरा तक्त्यांना काहीच नव्हतं. एका गळतीच्या तक्त्याला होतं. तुम्हीच वाचा.”

काकांनी चष्मा पुसला आणि कागद जवळ धरला.

‘बाबा, सहा वर्षं तुमच्यासाठी इथे लिहितेय, तुमच्या दर वाढदिवसाला जुनं काढून नवं. हा तक्ता तुम्ही इतका जपता, म्हणजे वाचत असणारच. ह्यांना परदेशात नोकरी लागलीय. जायच्या आधी छोटीला घेऊन घरी यायचंय. उत्तर लिहायला जड जात असेल तर लिहू नका. मंगळवारपर्यंत हे नुसतं असंच राहू दिलंत, तरी मी येईन. नकोच असेन, तर एवढं पुसून टाका.’