सात नंबरची बाटली

ब्याण्णव साली बर्मिंगहॅमच्या एका लॅबमध्ये माधव किडनीच्या कॅन्सरच्या पेशी वाढवत असे. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीतून त्या यायच्या. बाटलीवर पेशंटचं नाव नाही, फक्त नंबर. थोड्या पेशी बशीत घ्यायच्या, वर इंटरफेरॉन या औषधाचा थेंब टाकायचा. आत कॅल्शियम उसळलं की रंग घातलेल्या पेशी हिरव्या चमकत. औषध लागू पडतंय, याची ती खूण.

सात नंबरच्या पेशी भलत्याच चिवट. वर्षभर तो त्यांना लाखोली वाहत होता, "मरा की एकदाच्या!"

रोज संध्याकाळी हॉस्पिटलच्या वॉर्डात त्याची बायको सुप्रभा विचारायची, "आज चमकल्या का हो?" तिच्याही किडनीतली गाठ काढली होती आणि आता तिलाही तेच इंटरफेरॉन टोचत होते. तापाने ती फणफणलेली असायची.

"उद्या नक्की. येतो गं," म्हणून तो उठायचा.

सुप्रभाचं तेरावं झालं आणि तो कामावर आला. प्रमाण वाढवून थेंब टाकला, तर सात नंबरच्या पेशी लखलखल्या.

"सर, लागू पडलं!" त्याचा मदतनीस अतुल ओरडलाच. "राहिलेल्या बाटलीलाही देऊन टाकू?"

माधवने बाटली त्याच्या हातातून काढून घेतली. "ही राहू दे."

"पण वर्षभर तुम्हीच म्हणत होतात, मरू देत म्हणून!"

"तेव्हा ती होती रे."

त्याने बाटली उबदार कपाटात ठेवली, दार हलकेच लोटलं आणि म्हणाला, "येतो गं."