टाकीमागची गल्ली

काकांनी पुन्हा त्याच ठिकाणी करकचून ब्रेक दाबला आणि यंत्राचा लाल दिवा लागला.

"झालं," काका म्हणाले. डोळ्यांवरचा जाडजूड चष्मा कपाळावर सरकवून ते स्टिअरिंगपुढे नुसतेच बसून राहिले. ही त्यांची तिसरी खेप होती.

सत्तरी ओलांडलेल्यांना परवाना हवा तर आता या खोलीतच, यंत्रावरची खोटी गाडी चालवून दाखवावी लागे. चष्म्यात सगळं शहर दिसायचं. सिग्नल, बस, मध्येच धावणारी पोरं. पोरं आली की काका अलगद थांबायचे. घोडं पेंड खायचं ते पाण्याच्या टाकीमागच्या गल्लीत, जिथे चिटपाखरूही नसे.

परीक्षकबाईंचे खांदे भरून आले होते. दिवसभर बसल्या जागी लोकांच्या गाड्यांबरोबर फिरायचं, ही काही कमी दमणूक नव्हे. नापास झालेल्याला इतक्या लवकर बोलवायचा नियम नव्हता, तरी काकांना त्यांनी बोलावलं होतं. हा माणूस त्यांना आवडला होता, आणि त्याचंच ओझं झालं होतं.

"मॅडम, हिला सारखं दवाखान्यात न्यावं लागतं," काकांनी दाराबाहेरच्या बाकाकडे पाहिलं. काकू तिथे पेंगत होत्या. "जिना उतरतानाच धाप लागते. बसमध्ये कुठली चढते ती? गाडी गेली की आमचे हातपायच गेले."

शेजारच्या टेबलावरचा सहकारी जांभई देत म्हणाला, "बाई, ती गल्ली काढून टाका ना एकदाची. कुत्रंसुद्धा नाही तिथे. उगाच लांबण."

"असू दे," बाई म्हणाल्या. "तुम्ही जरा चहाचं बघा."

तो गेला तशी बाईंनी खुर्ची पुढे ओढली. "काका, पास करायला माझी ना नाही. पण रिकाम्या रस्त्यात ब्रेक का, ते कळायला हवं. काय दिसतं तुम्हाला तिथे?"

"काहीच नाही. पाय आपला आपण जातो."

"आधी कधी गेला होतात त्या रस्त्याने?"

काकांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. "एकदा एक सायकलवाला आडवा आला होता. टाकीच्या मागून, एकदम. जुनी गोष्ट आहे."

"थांबलात तेव्हा?"

काकांनी बाकाकडे पाहिलं. काकू झोपल्या होत्या.

"घाबरलो होतो," ते हळूच म्हणाले. "हिलासुद्धा कधी बोललो नाही. पण हा चष्मा लावला की दर वेळी वाटतं, आता तरी थांबावं."

 ती गल्ली मूळ परीक्षेत नव्हतीच. बाईंच्या दादाला उडवून पळालेली गाडी काही सापडत नाही म्हणून पोलिसांनी हात टेकले, त्या वर्षी त्यांनीच ही गल्ली परीक्षेत घातली होती, आणि तेव्हापासून तिथे कोण ब्रेक दाबतं याची त्या वाट पाहत होत्या.