तिकिटाचा नियम

"असल्या रडक्या सिनेमाला पुरस्कार मिळाला, तर मी पुन्हा थिएटरात पाऊल ठेवणार नाही," कालिंदी म्हणाली. समोरची मिसळ केव्हाच गार झाली होती.

पुरस्कारांच्या निकालाआधीच्या रविवारी कालिंदी, दिनकर आणि वैजू साताऱ्यात भेटून आपला विजेता ठरवत. कॉलेजपासून नियम एकच होता, तिकीट दाखवल्याशिवाय मत द्यायचं नाही. यंदा दिनकरचं मत बापलेकीच्या सिनेमाला पडलं, वैजूचं युद्धपटाला. आता सगळं कालिंदीवर येऊन ठेपलं होतं; युद्धपटाचं तिकीट तिने आधीच दाखवलं होतं.

"लेक रुसून सहा वर्षं घरी जात नाही आणि बाप रोज एसटी स्टँडवर वाट बघत बसतो. खऱ्या आयुष्यात कोण असं बसतं?" आपण इतक्या जोरात का बोलतोय, हे तिचं तिलाच कळेना.

"आधी याचं तिकीट काढ," दिनकर म्हणाला. "न बघताच बोलतेयस तू."

तिने वैतागून पर्सच्या कप्प्यातून तिकीट ओढलं. त्याच्यासोबत आणखी तीन बाहेर आली आणि टेबलावर पसरली. चार रविवारांची चार तिकिटं, सिनेमा तोच, बापलेकीचा.

दिनकरने ती गोळा करून तिच्यापुढे ठेवली. "मग, मत कुणाला लिहू?"

"युद्धपटालाच लिही." तिकिटं पर्समध्ये कोंबत ती उठली. आवाज मात्र उतरला होता. "कोरेगावची एसटी कितीला आहे रे? बाबा अजून संध्याकाळी स्टँडवर चहाला येतात म्हणे."