पथ्य

सकाळी भाकरी थापायच्या वेळेलाच शेवंताची बोटं आखडून बसायची. कारखान्याचा भोंगा व्हायचा आणि कसबा बावड्यातल्या त्या घरातले पुरुष उपाशीच कामाला जायचे. शेवटी सासू, हौसाबाई, तिला कोडोलीच्या वैद्यांकडे घेऊन गेली.

"दुखणं हातात दिसतंय, पण मूळ आतड्यात आहे," वैद्य म्हणाले. "आठवडाभर नुसत्या मुगाच्या कढणावर ठेवा. मग पुन्हा दाखवायला आणा."

आठवड्यात बोटं सुटली. शेवंतानं पोटभर भाकरी खाल्ली आणि दोन दिवसांत हात पुन्हा आखडले.

"बघ, खाल्लंस की आखडतंय," हौसाबाई म्हणाली. "आता वैद्याकडं कशाला जायाचं? कळलं की आपल्याला."

त्या दिवसापासून शेवंता घरादाराच्या भाकऱ्या थापायची आणि स्वतः कढण प्यायची. सासू मायेनं वाटी पुढं करायची. दिवाळीलासुद्धा तिनं पथ्य मोडू दिलं नाही.

***

पुढच्या पावसाळ्यात, बैलांच्या बेंदराच्या सणाच्या आदल्या दिवशी, शेवंताच्या मातीला जमलेल्या बायकांना हौसाबाई सुनेचा हात उचलून दाखवत रडत होती, "बघा की, बोटं कशी सुटी झालती. दुखणं पार गेलतं. मग पोर कशानं गेली, कळंना."