आणि पाहते तो काय

धुरपताबाईने खिचडीचं पातेलं चुलीवर चढवलं, हात पदराला पुसले आणि ती वर्गात येऊन बसली. खुर्चीवर नाही, खुर्चीच्या बाजूला, खाली. खुर्ची सरांची होती आणि सर सहा दिवसांपासून हिंगोलीला ट्रेनिंगला गेले होते. दुसऱ्या बाई दिवाळीपासून बाळंतपणाच्या रजेवर. तालुक्याला फोन लावला की 'माणूस पाठवतो' म्हणत. माणूस काही येत नव्हता.

मास्तरच नाही म्हटल्यावर तांड्यावर कुजबुज सुरू झाली. हळदीचे दिवस, रानात हात कमी पडतात. बिनमास्तरच्या शाळेत लेकरं कोंडून काय करायची? सहा दिवसांत पंचवीसची सोळा झाली होती. एक पोर उठलं की त्याच्यामागे चार उठतात, आणि अशी रिकामी झालेली शाळा पुन्हा भरत नाही, हे धुरपताबाईला पक्कं ठाऊक होतं. 

तिला अक्षर येत नव्हतं. पण वीस वर्षं ती वर्गाला लागून खिचडी शिजवत आली होती, आणि मधली भिंत पत्र्याची होती. पाढे, कविता, गोष्टी, सगळं तिच्या कानात जाऊन बसलं होतं.

"मावशी, आज कोणता धडा?" चौथीतल्या पुजाने पुस्तक उघडत विचारलं.

"नदी कुठं झोपती, त्यो."

पुजाने पानं उलटली, पुन्हा पहिल्यापासून उलटली. "ह्यात न्हाईच की."

"पुस्तक बदललं असंन. नदी थोडीच बदलती?"

धुरपताबाईने डोळे मिटले. बोलायला लागली तेव्हा तिचा आवाजही तिचा राहिला नाही. कुण्या जुन्या सरांचा संथ, पुस्तकी आवाज तिच्या तोंडून येऊ लागला. "चिमी नावाची एक मुलगी होती. एके दिवशी तिने आईला विचारलं, आई, दिवसभर पळून दमलेली नदी रात्री कुठे झोपते?"

बाहेर रानात हळद शिजत होती. तिची वाफ बांधावरून तरंगत येऊन खिडकीतून आत शिरत होती. त्या उबदार, मातकट वासात वर्ग हळूहळू चिमीच्या मागोमाग निघाला. चिमीने बगळ्याला विचारलं. पाण्यात डुंबणाऱ्या म्हशींना विचारलं. सगळे म्हणाले, पुढे, अजून पुढे. पहिलीतलं एक लेकरू शेजारणीच्या मांडीवर आडवं झालं, आणि कुणी त्याला उठवलं नाही.

दारात सावली पडली. तिसरीतल्या नीताचा बाप, भावसिंग, कोपरापर्यंत पिवळ्या हातांनी उभा होता.

"नीता, चाल. तुही माय हळद येचायला निघाली. लहान्यापाशी बस."

धुरपताबाईने डोळे उघडलेच नाहीत. गोष्ट थांबली तर पोरगी उठणार, आणि तिच्यामागे बाकीचीही. तिने नुसता आवाज चढवला. "चिमी टेकडीवर चढली. सूर्य मावळत होता. तिने वाकून पलीकडे पाहिलं, आणि पाहते तो काय..."

आणि ती थांबली.

गोष्टीचा तास नेहमी मधल्या सुट्टीच्या आधी असायचा. शेवट जवळ आला की तिला पातेलं उतरवावं लागे, ताटांचा खडखडाट होई आणि भिंतीपलीकडचं काही ऐकू येत नसे. तिच्याजवळच्या साऱ्या गोष्टी बिनशेपटीच्या होत्या. आजवर तिला कुणी गोष्ट सांग म्हटलंच नव्हतं, म्हणून हे तिच्याही कधी ध्यानात आलं नव्हतं.

"पुढं काय, मावशी?"

मनाने काही जोडून देता आलं असतं. पण सरांच्या गोष्टीला आपलं ठिगळ लावायला तिचं मन होईना. तिने दाराकडे पाहिलं.

"भावसिंग, जुने सर ही गोष्ट सांगायचे तवा तू व्हतास की ह्या वर्गात. तूच सांग."

सोळा तोंडं दाराकडे वळली. भावसिंग नीताचा हात धरायला पुढे झाला होता, तो तिथेच थांबला. फळ्याकडे बघत राहिला. बघता बघता त्याच्या चेहऱ्यावरची घाई उतरली.

"ती बगळ्याला इचारते," तो हळूच म्हणाला. "म्हशींला इचारते."

"ते झालं. पुढं?"

"टेकडीवर चढते."

"मंग?"

"मंग बा आला दारात. आमी ऊसतोडीला चाललो व्हतो, टरक उभा व्हता भाईर." भावसिंगने मान खाली घातली. "म्या बी इथवरच आयकलं, काकी. परत न्हाई आलो शाळेत."

  त्या दिवशी धुरपताबाईही इथेच होती, भिंतीपलीकडे ताटं मांडत. एक ताट उरलं असेल, आणि तिच्या लक्षातही आलं नसेल.

नीता उठली. दप्तर खांद्याला अडकवून बापाजवळ जाऊन उभी राहिली. "चाल बा. लहान्या रडत असंन."

"बस खाली."

"मंग त्याच्यापाशी कोण?"

"मी हाय की."

तो पायरी उतरला, चार पावलं गेला आणि परत फिरला. पोरीवर खेकसावं तसा खेकसला, "आन शेवट कळल्याबिगर घरी येऊ नको!"