वंश आईकडून धरावा

बियांकाच्या बोर्डावर शेवटी उत्तन हे कोळ्यांचं गाव आलं. ते आलंच नाही असं धरून पुढे वाचावं, कारण त्या रविवारी केंब्रिजच्या बेसमेंटमध्ये जेवायच्या वेळेपर्यंत सगळे तसंच धरून होते.

बोर्ड शाळेच्या हेरिटेज फेअरसाठी होता. २०१७ सालचा विषय 'माय पीपल'. एका मुलाने एकाच बाजूचे लोक निवडायचे. दहा वर्षांच्या बियांकाने बाबाकडचे निवडले. बाबाने, म्हणजे डीनने, ख्रिसमसला डीएनए तपासणीच्या नळीत थुंकून ती पोस्टाने पाठवली होती आणि कुठल्याशा वेबसाइटने त्याला पिक्ट ठरवलं होतं. तेव्हापासून तो ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करतानाही जरा ऐटीत उभा राहायचा.

ग्रेगरी हे आईचे वडील. वसईच्या तहसील कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त. गिरीज या आपल्या गावच्या घराचा आणि केळीच्या बागेचा फोटो ते तीन आठवडे शर्टाच्या खिशात घेऊन फिरत होते. बोर्डासाठी तो कुणी मागितला नव्हता.

"हे पिक्ट कोण गं?"

"स्कॉटलंडचे. पेंटेड पीपल. रोमन्सनी नाव ठेवलं."

"आणि ते स्वतःला काय म्हणायचे?"

"नोबडी नोज."

"दुसऱ्याने ठेवलेल्या नावावर एवढी शतकं काढली? रेशनकार्ड कसं मिळालं असेल?"

त्यांनी चष्मा लावून तिचे प्रिंटआउट घेतले. आपल्या बाजूचं कलम कागदात कुठे दडून बसतं, ते त्यांना नोकरीने शिकवलं होतं. चौथ्या पानावर सापडलं. कुणा जुन्या साधूने लिहून ठेवलं होतं की गादीवरून वाद झाला तर पिक्ट लोक वंश आईकडून धरत. खाली टीप होती, की सगळ्या अभ्यासकांना हे मान्य नाही. टिपेवर त्यांनी अंगठा ठेवला.

"बघ. पिक्टांच्याच नियमाने तू पिक्ट नाहीस. तू आईकडची. म्हणजे आमची."

बियांकाने दोनदा वाचलं. "सो आय ॲम मॉम्स साइड."

"बरोबर." ग्रेगरींचा हात खिशाकडे गेला.

"अँड मॉम इज ग्रँडमाज साइड."

हात वाटेतच थांबला आणि उगाच कॉलर नीट करून खाली आला.

ग्रेगरींची बायको रोझमेरी इस्त्री करत होती. तिने मान वर केली नाही. "मग पोर उत्तनची. माझ्या आईच्या गावची. आता गिरीजवाल्यांनी गप बसायचं."

"अगं, पण मी..."

"रूल इज रूल, ग्रँडपा," बियांका म्हणाली आणि तिने बोर्डावरचं शीर्षक खोडून उत्तन लिहिलं. पिक्टांच्या दगडावरून काढलेला मासा मात्र तसाच ठेवला. उत्तनच्या कोळ्यांना तो चालण्यासारखा होता.

जेवणानंतर ग्रेगरींनी कोरा कागद घेतला. पिक्टांच्या खुणा कुणालाच वाचता येत नाहीत, म्हणून त्यांनी मराठीत लिहिलं. निदान एका बाजूला तरी कळलं पाहिजे.

"प्रति, पिक्टांचे राजे, उत्तर स्कॉटलंड. विषय: आईकडील वंशात आईच्या वडिलांना सामावून घेण्याबाबत. महोदय, अर्जदाराने सदर मुलीस सायकल शिकवली असून त्या कामी स्वतःचा गुडघा फोडून घेतला आहे. नियमात तरतूद नसल्यास विशेष बाब म्हणून करावी. बोर्ड शुक्रवारी द्यावयाचा असल्याने निर्णय गुरुवार सायंकाळपर्यंत कळवावा, ही विनंती."